शारदेच्या पाटीवरचा काळा ओघळ

१

आमच्या प्रांजलीचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही, आणि ते मी कुणापासून लपवलेलंही नाही. माझ्या नातवाची, ईशानची बायको. पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरवर नोकरी. लग्न होऊन उंबरठ्याच्या आत आली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून मी तिच्या गालावर काजळाचं बोट लावलं. आमच्या घरची रीत. फोटोवाला पुढं आला तशी हिनं पर्समधून टिश्यू काढला आणि चारचौघांच्या देखत ते पुसून टाकलं. वर मला म्हणाली, आजी, मी हे मानत नाही, रागावू नका. रागावू नका म्हणे. पुसायचं ते पुसलं आणि रागाचीही परवानगी नाही.

तेवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. घरातसुद्धा चपला घालून फिरते. फरशी गार लागते म्हणे. देवघराच्या दारापर्यंत फटक फटक करत येते. आणि झाकणांचं तर विचारू नका. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिरकं, काजळाच्या डबीचं झाकण उलटं, कुकरची शिट्टी भलतीकडेच. त्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या ह्याच झाकणांवरून मी तोंड सोडलं होतं, तेवढ्यात खालून उमाकांतची हाक आली.

उमाकांत माझा मुलगा. एरवी त्याचा आवाज दुकानातल्या मांजरालाही ऐकू जात नाही. आम्ही वर राहतो, खाली दुकान. मी कठड्याला धरून जिना उतरले.

तो रस्त्यावर उभा होता, हातात ओलं फडकं. वर दुकानाची पाटी. आदल्या दिवशीच लावलेली, नवी कोरी, पिवळ्यावर लाल कन्नड अक्षरं. माझ्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर काळं फासलेलं होतं.

२

आम्ही मल्लेश्वरमचे जुने लोक. चार पिढ्या घरात मराठी आणि दुकानात कन्नड. मी तिसरीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. देवनागरी अक्षरं नंतर सासऱ्यांनी शिकवली, पोथीपुरती. आमचं मॅचिंगचं दुकान. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. साडी घेऊन बाई आली की तिच्या रंगाचा कपडा काढून द्यायचा, हाच धंदा.

जुनी पाटी उमाकांतच्या हौसेची, सगळी इंग्रजीत, कन्नड अक्षर औषधालाही नाही. मग राज्य सरकारनं कायदा केला. दुकानाच्या पाटीवर शंभरातले साठ भाग कन्नड हवं, आणि तेही वरच्या बाजूला. नाहीतर दुकानाला टाळं. सगळा रस्ता हवालदिल झाला. कुणी इंग्रजी अक्षरांवर वर्तमानपत्र चिकटवलं, कुणी जुनी चादर टांगली. रंगाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. उमाकांत टेप घेऊन साठ भाग मोजत बसला आणि सरकारला शिव्या घालत राहिला.

प्रांजलीनं तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर वाद घातला. अक्षरं अशी जबरदस्तीनं लावायची नसतात, पुण्यात मराठीसाठी केलं तरी मी हेच म्हणेन, असं काहीतरी. शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं. मी तिला वर पाठवून दिलं.

शेवटी नवी पाटी शंभूराज रंगाऱ्याकडून पत्र्यावर हातानं रंगवून घेतली. मला ते प्लास्टिकवर छापलेलं नको होतं. जुनी पाटी खाली काढली तेव्हा तिच्या मागच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. उमाकांत शिडीवर, दुकानात काम करणारी कावेरी आत गिऱ्हाइकात. पाटीचं दुसरं टोक धरायला प्रांजली होती. तिनं विचारलं हे काय. मी सांगितलं, दुकान म्हणजे लेकरूच, त्यालाही नजर लागते, म्हणून मी लावला होता. ती ठिपक्याकडं बघत पाटी धरून राहिली. मला वाटलं मनात हसली असेल.

नवी पाटी चढली. उमाकांतनं जुना पिवळा फोकस पाटीच्या टोकाला, अगदी जवळ बांधला आणि रात्रभर चालू ठेवला. तपासायला येणाऱ्यांना लांबून दिसू दे, एवढा खर्च केलाय, म्हणाला. लोक थांबून थांबून बघत होते.

आणि सकाळी हे असं.

आम्ही पाटीवर चादर टाकेपर्यंत श्रीवत्स आला. आमच्या रस्त्याच्या व्यापारी संघाचा सेक्रेटरी, पलीकडं त्याचं औषधाचं दुकान. भला माणूस. तो फिरायला जाताना उमाकांतच्याही आधी पाटीपाशी आला होता. त्यानं खिन्न तोंडानं फोन पुढं केला. त्यानं काढलेला फोटो संघाच्या ग्रुपवरून भलतीकडेच पोचला होता. माझा चष्मा वर राहिला होता, मला नीट दिसलं नाही.

“शारदक्का,” तो म्हणाला, “संध्याकाळी माणसं विचारायला येतील. सगळी आपल्या रस्त्यावरची नसतील. बाहेरच्या कुणी केलं असेल तर मी तुमच्या बाजूनं उभा आहे. पण लोक म्हणतायत, मराठी घरानंच कन्नड अक्षराला काळं फासलं. तुमच्या नातसुनेचं नाव घेतायत.”

३

उमाकांतनं वर जाऊन प्रांजलीला एकच प्रश्न विचारला: तू केलंस का? ती ना हो म्हणाली, ना नाही. चादरीखालून पाटी पाहून आली होती, चेहरा पांढराफटक. ईशान कंपनीच्या कामाला हैदराबादला, फोन लागेना. उमाकांतनं संध्याकाळच्या पुण्याच्या बसचं तिकीट काढलं. निवळेपर्यंत माहेरी राहू दे, म्हणाला. मला कळतं, असं निवळेपर्यंत गेलेली सून परत येते तेव्हा आधीची राहत नाही. कधी कधी येतच नाही.

ती बॅग भरायला लागली. वाद घालणारी मुलगी, आणि एक शब्द बोलेना. मला ते खटकलं. हिचं तोंड बंद होण्यासारखं काय झालं?

मी उमाकांतला म्हटलं, बस संध्याकाळी आहे ना, तोवर मला बघू दे. दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले आणि पहिल्यांदा शेजारच्या प्रदीपकुमारला बोलावलं.

प्रदीपकुमारचं भांड्यांचं दुकान. आमची नवी पाटी त्याच्या बाजूला वीतभर जास्त गेली म्हणून आदल्या दिवशीच त्यानं रस्ता डोक्यावर घेतला होता. ह्या पाटीचं तोंड काळं करीन, असं त्याच्या तोंडून निघालेलं चारजणांनी ऐकलं होतं. आता आला तो लग्नाच्या कपड्यांत, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. तुमकूरला मेव्हणीच्या मुलीचं लग्न, काल दुपारीच गेलो होतो, आत्ता बसमधून उतरतोय, म्हणाला. हातात लग्नात पाहुण्यांना देतात ती तांबूलाची पिशवी होती, नारळासकट. ती त्यानं मलाच दिली.

“भांडायचं ते भांडीन, अक्का,” तो म्हणाला. “पण पाटीवर शारदेचं नाव आहे. देवीच्या नावाला काळं लावायला मला काय वेड लागलंय?”

हे त्याचं बोलणं माझ्या कानात राहिलं.

मग शंभूराज रंगारी. लोक म्हणत होते, पाटी बिघडली तर पुन्हा काम कुणाला मिळणार? पण तो बिचारा आपलं अक्षर बघून रडकुंडीला आला होता. त्यानं चादर उचलून काळ्याला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडं वळला. हा रंग नव्हे, म्हणाला. ऑइलपेंट आत्तापर्यंत वाळला असता. हे तर अजून बोटाला येतंय.

रंग नाही, तर मग काय?

४

कावेरी दुकान झाडत होती. ती आमच्याकडं इतकी जुनी की उमाकांतच्या लग्नातल्या साड्यांचं मॅचिंगही तिनंच काढलेलं. बोलते कमी, बघते जास्त. त्या सकाळी नेहमीपेक्षाही कमी बोलत होती. मी तिला समोर बसवलं.

स्टूल बाहेर होतं, ती म्हणाली. वरच्या फळीवरचे तागे काढायचं लाकडी स्टूल, रात्री शटरच्या आत असतं. सकाळी फुटपाथवर, पाटीखाली सापडलं. शटरच्या किल्ल्या आमच्या जिन्यातल्या खिळ्याला. म्हणजे चोर घरातला.

उमाकांत? सहा फूट उंच, वजनदार. त्या स्टुलाचा एक पाय लुळा, तो त्याच्यावर चढला असता तर स्टूल तरी उरलं नसतं नाहीतर तो. उरली मी, आणि उरली प्रांजली.

“स्टुलावर चपलेचे ठसे होते?” मी विचारलं.

“नाही,” कावेरी म्हणाली. “धुळीत पायाची बोटं उमटलेली. अनवाणी पाय होता, अम्मा.”

इथं माझी गाडी अडली. फुटपाथवर पालिकेनं खणून ठेवलेलं, खडी पसरलेली. अशा जागी चपला काढून स्टुलावर कोण चढेल? देवाच्या फोटोला हार घालायला चढणारा काढील. काळं फासायला आलेला कशाला काढील? आणि आमची प्रांजली तर देवघराच्या दारातसुद्धा चपला काढत नाही. मग ही नव्हेच. मला बरं वाटलं. आणि मला बरं वाटलं ह्याचं नवलही वाटलं.

पण कावेरी उठेना. पदराच्या टोकाची गाठ चाचपत बसली. मी म्हटलं, काय बांधलंयस त्यात, सोड.

तिचे डोळे भरले. पोरगी लहान आहे अम्मा, म्हणाली, माझ्या तोंडून तिचं नाव निघू नये म्हणून ठेवलं होतं. तिनं गाठ सोडली. आत सकाळी स्टुलापाशी सापडलेला चुरगळलेला पांढरा टिश्यू होता, आणि त्यावर एका बोटाचा काळा ठसा.

आमच्या घरात टिश्यू वापरणारी एकच आहे.

५

मी तो टिश्यू हातात घेतला. केलं तिनंच. उमाकांत बरोबर, रस्ता बरोबर, मी उगीच वकिली करत होते. वर जाऊन बॅगेची चेन मीच लावून द्यावी असंही मनात आलं.

मग मी टिश्यू नाकाशी नेला. का नेला सांगता येणार नाही. कपड्याच्या दुकानात जन्म गेला, कपडा हातात आला की मी वास घेतेच.

भीमसेनी कापूर. आणि एरंडेल.

उमाकांतचं ओलं फडकं कठड्यावर वाळत होतं. तेही हुंगलं. तोच वास. दर दिवाळीला मी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरते, काजळी खरवडते, त्यात कापूर आणि थेंबभर एरंडेल घालून मळते. रोज सकाळी डोळ्यात घालते. बाजारातल्या काजळाच्या कांडीला हा वास येत नाही. हे माझ्या डबीतलं काजळ होतं. त्या सकाळी जिचं झाकण उलटं होतं त्या डबीतलं.

मी चष्मा मागवला आणि श्रीवत्सला हाक मारली. म्हटलं, तो सकाळचा फोटो पुन्हा दाखव, मोठा करून. त्यानं दोन बोटांनी मोठा केला.

फोटो उमाकांतनं फडकं मारण्याच्या आधीचा. फासलेलं वगैरे काही नव्हतं त्यात. अक्षराच्या कडेला वरती एक गोल ठिपका, बोटाच्या पेराएवढा, आणि त्यातून खाली गेलेला एक बारीक ओघळ. बस. पाटीला लागून उमाकांतचा फोकस. जुना दिवा, हात लावला तर फोड येईल असा. रात्रभर पत्रा तापला, तेल पाझरलं, ठिपका अक्षरावरून खाली ओघळला. सकाळी माझ्या शहाण्या मुलानं त्यावर पाण्याचं फडकं फिरवलं. तेलकट काजळ पाण्यानं जातं होय? ते पसरलं. काळं फासलं ते उमाकांतनं, पुसता पुसता.

मी श्रीवत्सला विचारलं, तुझ्या नातीच्या गालावर काय असतं?

तो फोटोकडं बघत राहिला. मग कपाळाला हात लावला. “दृष्टीचा बोट्टू,” तो म्हणाला. “अय्यो शारदक्का, दृष्टीचा बोट्टू आहे हा.”

आता एकच कळायचं राहिलं होतं. जिनं स्वतःच्या गालावरचं पुसलं, तिनं माझ्या पाटीला का लावलं?

६

संध्याकाळी माणसं आली. फार नव्हती, पण त्यांतली काही ओळखीची नव्हती, आणि ती हाताची घडी घालून उभी होती. मी पाटी खाली उतरवायला लावली आणि पायरीवर उभी करायला लावली. वरून प्रांजलीला बोलावलं. ती बॅग घेऊनच खाली आली. उमाकांत मध्ये पडायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच बसवलं.

मग मी सगळं सांगितलं, माझ्या तिसरीच्या कन्नडमध्ये. स्टूल, अनवाणी पाय, टिश्यू, कापूर, फोकस. फडकं फिरवणाऱ्याचं नाव घेतलं तेव्हा उमाकांत तागे मोजायला आत गेला. श्रीवत्सनं फोटो हातोहात फिरवला. प्रदीपकुमारनं आपल्या दुकानाची काढून ठेवलेली जुनी पाटी बाहेर ओढून सगळ्यांना मागची बाजू दाखवली. तिथंही एक ठिपका होता. एक म्हातारा हसायला लागला. म्हणाला, आमच्या घरी तर नव्या स्कूटरलाही लावतात, पण मागच्या बाजूला, स्वल्प लपवून. मग हाताच्या घड्या सुटल्या. जे अनोळखी होते त्यांच्यातल्या एकानं वाकून अक्षरावरचं काजळ स्वतःच्या रुमालानं टिपलं, जपून, लाल रंगाला धक्का न लावता. शंभूराज त्याला शिकवायला लागला, आधी खोबरेल लाव, मग पूस.

कावेरीनं कॉफी आणली. मी प्रांजलीला माझ्याजवळ बसवलं आणि विचारलं, सकाळी का नाही बोललीस?

“कोण ऐकणार होतं, आजी?” ती म्हणाली. “मी सगळ्यांसमोर काजळ पुसलं होतं. मीच काजळ लावलं म्हटलं असतं तर कुणाला खरं वाटलं असतं? आणि बिघडलं तर खरंच होतं, माझ्याच हातानं.”

“तू मानत नाहीस ना पण.”

“नाही मानत.” मान खाली घालून म्हणाली, पण ठामपणे म्हणाली. असली आमची नातसून.

“मग?”

तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“काल पाटी लागल्यावर तुम्ही एकट्याच रस्ता ओलांडून समोर गेलात,” ती म्हणाली. “हातातली कॉफी गार झाली तरी प्यायला नाहीत. हवेत बोट फिरवत एकेक अक्षर वाचत होतात. शा. र. दा. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जुनी पाटी सगळी इंग्रजीत होती. तुम्हाला इंग्रजी येत नाही. इतकी वर्षं स्वतःच्या नावाखाली बसलात, आणि स्वतःचं नाव पहिल्यांदा वाचत होतात.”

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. उमाकांतला नाही, त्याच्या वडिलांनाही नाही. लोक वर बघून दुकानाचं नाव घ्यायचे आणि मी मान हलवायची, जणू मलाही दिसतंय. सरकारनं काय विचार करून कायदा केला ते सरकारला ठाऊक. दुकानदारांनी शिव्या घातल्या, प्रांजलीनं वाद घातला, आणि तिचं म्हणणं चूक होतं असंही मी म्हणणार नाही. पण पाटी लागली त्या दिवशी समोरच्या फुटपाथवरून माझं नाव माझ्याशी बोललं, एवढं खरं.

“मला भीती वाटली,” प्रांजली म्हणाली. “लोक किती बघत होते. तुमचा तो चेहरा... त्याला काही होऊ नये असं वाटलं. काय करायचं ते माहीत नव्हतं. मग तुम्ही सांगितलेला तो ठिपका आठवला.”

“आणि चपला?”

“त्या काढाव्यात असं वाटलं.”

उमाकांत दारात येऊन उभा होता. त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं आणि ते कुठं ठेवावं हे न कळून परत खिशात घातलं. श्रीवत्स, प्रदीपकुमार, कावेरी, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हातारी आता काय बोलते, असं. मी कावेरीला वरून काजळाची डबी आणायला सांगितली, झाकण नीट लावून. डबी आली. मग मी प्रांजलीकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझा निकाल दिला.

“माझ्या डबीला न विचारता हात लावलास, ही चोरी. मागं लपवायचा ठिपका तोंडावर लावलास, हा अडाणीपणा. अडाण्यांना शिकवावं लागतं, म्हणून ह्या दिवाळीला काजळ तू धरायचंस, माझ्या शेजारी बसून, आणि दरवर्षी तूच. पुण्याला जायचं ते ईशानबरोबर, सणाला, चार दिवस. ती बॅग वर नेऊन ठेव. मानू नकोस, मी काही म्हणणार नाही. आता गाल इकडं कर. आणि ह्या वेळी पुसलंस तर बघ.”